क्रीडामंत्र्याच्या मैदानावर मिरच्या

दीपमालाचा आवाज भारी मोठा. भातकुलीच्या बाजारात आईशेजारी बसून ती वांग्यांचा भाव पुकारू लागली, की पार टोकाच्या दुकानावरची गिऱ्हाइकं माना वळवून बघत. वर्गात मात्र याच आवाजापायी तिला रोज बोलणी बसत.

चौथीत गेल्यावर तो कामी आला. शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक लागली आणि दीपमाला क्रीडामंत्रिपदाला उभी राहिली. वर्गावर्गात जाऊन तिनं सांगितलं, "मले मत द्या, मधल्या सुट्टीत पोरींचीबी लंगडी होईन! रोज काहून पोट्टेच मैदान धरून बसतात?" मुलींनी तर मतं दिलीच, पण मैदानाच्या कडेला ढकलली जाणारी पहिली-दुसरीची बारकी पोरंही तिच्याच मागे गेली. दीपमाला निवडून आली.

शपथ झाली, टाळ्या झाल्या, आणि आठवड्याभरात अर्धं मैदान लाल झालं. शाळेला कुंपण नव्हतं आणि गावात एवढी सपाट, टणक जागा दुसरी नव्हती. ताडपत्र्या पसरून मिरच्या वाळत घातलेल्या. चेंडू त्यात जाऊन पडे आणि आणायला गेलेला शिंकत परत येई. पहिलीतल्या गोपालनं तर मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि असा टाहो फोडला, की सगळी सुट्टी त्याचे डोळे धुण्यातच गेली.

"मंत्री झाली ना तू? मंग कर ना काही!" पोरं मागे लागली.

पण मिरच्या दीपमालाच्या बाबांच्याच होत्या.

तिचा बाप गोवर्धन तसा मायाळू, पण मिरचीच्या दिवसांत त्याला हटकायची सोय नसे. जेवताना दीपमालानं दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घासच घातला. शेवटी तिनं शाळेतल्या रमा मॅडमना गाठलं.

"बाबाले घरी सांगता नाही येत मले. तुमी शाळेत बोलवा अन् सांगा."

मॅडम हसल्या. "बोलावते मी. पण खेळायचा हक्क तुमचा आहे ना? मग सांगायचं तुम्हीच."

शनिवारी बालसभा भरली. सरपंच मनकर्णाबाई पुढे बसल्या, गोवर्धन टोपी सारखी करत मागे भिंतीशी टेकला. दीपमाला उभी राहिली. भरसभेत बाबा म्हणावं की आणखी काही, तिला सुचेना. मग तिनं आपला बाजारातला आवाज काढला.

"गोवर्धनभाऊ!"

सभेत हशा पिकला. गोवर्धननं आधी आजूबाजूला पाहिलं, मग लेकीकडे.

"गोवर्धनभाऊ, तुमच्या मिरच्यांमुळं आमाले खेळता येऊन नाही राहिलं. गोपालचे डोये सुजले. मैदान लेकरांचं हाय. मिरच्या उचला!"

"बाप्पा! अन् वाळू कुठं घालू? तुह्या डोक्यावर?"

"ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर. मी वर जाऊन पाहून आली. दिवसभर ऊन राह्यते तिथं."

आता सगळे मनकर्णाबाईंकडे बघू लागले. "रिकामाच तर हाय स्लॅब," त्या म्हणाल्या. "घाल गोवर्धन, कोन नाही म्हनते!"

दीपमालाला हुरूप आला. "आमी समदे पोट्टे टोपले वर नेऊन देतो!"

"काही गरज नाही!" गोवर्धन एकदम ताठ झाला. "लेकरं मिरच्या वाहतीन का? माह्या मिरच्या मी नेईन. तुमी खेळा."

रविवारी त्यानं मैदान मोकळं केलं, वर झाडूनही दिलं. सोमवारी पोरं बॅट घेऊन धावली, तर दीपमाला मधोमध चुन्यानं रिंगण आखत होती. "एक दिवस लंगडी, एक दिवस क्रिकेट. आज लंगडी!" मोठी पोरं कुरकुरली, पण बारकी पोरं तिच्या बाजूनं इतकी ओरडली की त्यांचं काही चाललं नाही.

स्लॅबवरून अख्खं मैदान दिसे. मिरच्या खालीवर करता करता गोवर्धन खेळ बघू लागला आणि चार दिवसांत न विचारता पंच झाला. "तिचा पाय टेकला! बाद!" तो वरून ओरडे.

एकदा त्यानं दीपमालालाच बाद दिलं.

"नाही टेकला!" ती खालून भांडली.

"मी वरून पाह्यलं ना!"

तिनं उचललेल्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याला चुना लागला होता. मग ती निमूटपणे रिंगणाबाहेर गेली, गोपालशेजारी फतकल मारून बसली आणि पुढच्या पोरीचा हुरूप वाढवायला ओरडू लागली.