ताइफचा निळा कोपरा

काल शेजारीण ताइफचं गुलाबपाणी घेऊन आली. बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर माझा जुना राग वर आला. मागे एकदा आम्ही जेद्दाहहून डोंगरावरच्या ताइफला जायला शुक्रवारी पहाटेच निघालो होतो, कारण लवकर निघालं की सगळं निवांत बघून होतं, हा नवऱ्याचा पुण्यापासूनचा नियम. घाट चढून नऊला वर पोचलो, तर जुना राजवाडा बंद, बाजार बंद आणि जिच्यासाठी मी हट्ट धरला होता ती चित्रांची गॅलरीही बंद. "जुम्मा है मॅडम, चार बजे के बाद खुलेगा," पहारेकरी म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून शुक्रवारची सकाळ आम्ही विसरलो होतो. बागेत बसून दशम्या खाल्ल्या, गार वारा खाल्ला. तीनला नवरा उठला. "अंधाराच्या आत घाट उतरायला हवा." ऊन अजून चटकत होतं. "एकच तास थांबू या," मी म्हटलं, पण त्याने गाडी काढलीसुद्धा. मी धावत जाऊन गॅलरीच्या काचेला कपाळ लावलं. एका चित्राचा खालचा निळा कोपरा तेवढा दिसला. काल शेजारणीने विचारलं, "पुढच्या वेळी येता का आमच्याबरोबर?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "ताइफ ना? ते आमचं बघून झालंय."