तिसऱ्या मजल्यावरचं एक्स्चेंज

कुठलंही बटण दाबण्याआधी काकूंचं बोट उजव्या कानामागे जायचं. तिथं नसलेलं काहीतरी त्या नीट बसवायच्या आणि म्हणायच्या, "लाईनवर राहा हं." मिक्सर लावताना हेच, इस्त्री लावताना हेच, मांजराला दूध घालतानाही हेच. मांजरसुद्धा मुकाट्याने थांबायचं.

सगळी नोकरी त्यांनी फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. निवृत्तीच्या दिवशी हेडफोन परत केला, पण कानाला ते कुणी कळवलं नसावं. तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल, ज्याने नोकरी कधीच सोडली आणि नोकरी मात्र त्याला सोडायला तयार नाही.

आमची इमारत मुलुंड पूर्वेची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. काकू तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली आम्ही आणि आमच्या बरोबर खाली नलूताई. नलूताईंना जन्मापासून दिसत नाही. त्या काकूंच्याच बोर्डावर, शेजारच्या खुर्चीत होत्या. "नलू बोलायला लागली की साहेबलोक फोन ठेवायचे विसरायचे," असं काकू सांगायच्या. आम्हाला ते खरं वाटत नसे, कारण आम्ही पाहिल्या त्या भाऊ गेल्यानंतरच्या नलूताई. ज्या भावाबरोबर जन्म काढला तो गेला आणि बाईंचं बोलणं "हो", "नाही" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर आलं. जेवणही तेवढ्यापुरतंच राहिलं.

मग काकू रोज चारला एका हातात कादंबरी आणि दुसऱ्या हातात झाकलेली वाटी घेऊन दोन मजले उतरायला लागल्या. कादंबरी वाचून दाखवायची, वाटीतलं खायला लावायचं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, हे तुम्हाला सांगायला नको. नलूताई बोलल्या नाहीत तरी वाटीत चार शेंगदाणे, नाहीतर साखरेची चिमूट तरी घालायच्याच. ते शेंगदाणे काकू आम्हाला कौतुकाने दाखवायच्या.

पुढे काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिन्याला बंदी घातली. काकूंनी त्यावरही तोड काढली. भाच्याने वापरून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्या वाचन रेकॉर्ड करायच्या आणि पेनड्राइव्ह व वाटी एका कापडी पिशवीत घालून गॅलरीतून दोरीने खाली सोडायच्या. नलूताईंकडे पडद्यावरचं वाचून दाखवणारा बोलका कॉम्प्युटर होता, त्यावर त्या ऐकायच्या. पिशवी आमच्या गॅलरीसमोरून जायची, त्यामुळे काकूंकडे आज अळूवडी आहे की थालीपीठ, हे आम्हाला फुकटात कळायचं.

मी एकदा विचारलं, "काकू, कॉम्प्युटरच वाचून दाखवतो ना त्यांना? मग तुम्ही कशाला घसा कोरडा करता?"

"तो मेला बँकेची नोटीस वाचल्यासारखा वाचतो. सासू आणि सून एकाच आवाजात!"

"मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा."

"नलूकडे बटणांचा फोन आहे. काचेवर बोट फिरवणं म्हणजे भिंत चाचपणं, असं म्हणते ती. आणि फोनवर वाचावं, तर सासू बोलायला लागली की लाईन तुटते."

सगळं झकास चाललं होतं, आणि एकाच महिन्यात दोन्ही बाजूंनी वाट लागली. इमारतीची गळती काढायला बाहेरून बांबूंची परांची उभी राहिली, त्यावर हिरवी जाळी आली आणि पिशवीचा रस्ता बंद झाला. तेवढ्यात लॅपटॉपनेही मान टाकली. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की काकूंची आमटी उकळून व्हायची. स्टेशनाजवळच्या दुकानदाराने घरी येऊन तो उलटापालटा केला आणि सांगितलं, "आजी, याची सिस्टिम आता बंद झाली. यात काही राम नाही, नवीन घ्या."

कादंबरी ऐन रंगात आली होती. सुनेने दागिन्यांचा डबा लपवला होता आणि सासू जिना चढत होती. नलूताई रोज चारला फोन करायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "पुढे?" एके दिवशी तोही फोन आला नाही. त्या संध्याकाळी काकूंनी मला हाक मारून वर बोलावलं, तर त्यांचा आवाज बोर्डावरचा राहिला नव्हता.

"अवि, ती परत गप्प बसणार रे. मी एवढं वर काढलं होतं तिला."

वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की लिनक्स नावाची एक सिस्टिम असते, कुणीही घ्यावी, कुणीही वाटावी, आणि जुन्या मशीनमध्येही ती धावते. ते कात्रण त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, "या वयात कशाला नसता उपद्व्याप? पेनड्राइव्ह मी नेऊन देत जाईन, माझ्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा."

"तू विसरभोळा. नलूने वाट कुणाची बघायची, माझी की तुझी? आणि मी म्हणते, जन्मभर आम्ही दुसऱ्यांच्या लाईनी जोडल्या. आमची आम्हाला जोडता येऊ नये?"

इथे माझ्याबद्दल एक खुलासा करायला हवा. मी हिशेबखात्यातला माणूस. इमारतीत 'कॉम्प्युटरवाला' म्हणून माझं नाव झालं, कारण मी एकदा सेक्रेटरींचा प्रिंटर चालू करून दिला होता. त्याची वायर निघाली होती. तेव्हा काकूंना माझी मदत म्हणजे आंधळ्याच्या गाई देव राखी, त्यातली गत.

मी लिनक्स डाउनलोड करून दिलं. काकूंनी ती फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, कानामागे बोट नेलं, "लाईनवर राहा" म्हणाल्या आणि बटण दाबलं. लॅपटॉप आपला जुन्याच चालीने रखडत उठला. त्यांनी परत केलं. दोन दुपारी त्या हेच करत होत्या, आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो. अखेर कुठेतरी वाचून कळलं की फाईल नुसती कॉपी करून भागत नाही. ती एका खास प्रोग्रामने पेनड्राइव्हवर उतरवावी लागते, तरच मशीन तिच्यावरून सुरू होतं.

"म्हणजे तांदूळ ताटात वाढले आणि भात का होत नाही म्हणून बसलो आपण," काकू म्हणाल्या. 'आपण' म्हटलं, हा त्यांचा मोठेपणा.

यावेळी मशीन उठलं ते नवीनच तोंडवळा घेऊन. काकूंनी भाषा मराठी निवडली. काही प्रश्नांची उत्तरं झोकात दिली. आणि मग पडद्यावर विचारणा झाली की डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का. काकूंचा हात हवेतच राहिला. रेकॉर्डिंग मी आधीच माझ्याकडे उतरवून घेतली होती, हे मी तीनतीनदा सांगितलं. माझ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी नलूताईंना फोन लावला.

"नलू, हा माझं सगळं पुसायचं म्हणतोय. पुसू?"

फोन स्पीकरवर होता. मग नलूताई म्हणाल्या, "तू वाचलेलं सगळं माझ्या डोक्यात आहे. पूस."

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. काकूंनी बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहिली आणि काकू तिला मधूनमधून "लाईनवर राहा हं" म्हणून धीर देत राहिल्या. चहा झाला, भाजी निवडून झाली, आणि ते मढं खरोखरच उठून बसलं. आमटी तर सोडाच, चहात साखर ढवळायच्या आत लॅपटॉप चालू व्हायला लागला.

पिशवी बंद होती, म्हणून वाचन वायफायवरूनच खाली पाठवायचं असा काकूंचा बेत होता, पण त्याला आमच्या घरचं वायफाय दिसेना. वायफाय माझं एकट्याचंच, वरखाली दोन्ही घरांत तेच चालायचं. मी दोन सुट्ट्या घालवल्या, मशीन काही ऐकेना. शेवटी सरळ वायर टाकायची ठरली. ती वर न्यायची कशी? काकूंनी गॅलरीच्या जाळीतून हाक मारली. ज्या परांचीने पिशवीचा रस्ता अडवला होता, तिच्यावर उभा राहून गिलावा करणारा गडी आमच्या खिडकीशी आला, वायरचं टोक कमरेला खोवलं आणि वर चढला.

"माताजी, पकडो."

"पकडा, पकडा! छोडना मत हां, लाईन पे रहो!"

त्या दिवशी गड्याला थालीपीठ मिळालं.

फोल्डर 'शेअर' करायचं, म्हणजे काकूंच्या मशीनमधलं फोल्डर खाली नलूताईंनाही उघडता यावं असं करायचं, हे प्रकरण मात्र सगळ्यांत चिवट निघालं. पहिला टप्पा बरा गेला. काकूंचं फोल्डर खाली नलूताईंच्या कॉम्प्युटरवर दिसलं. काकूंनी नव्या उत्साहाने सासूला जिना चढवला, दागिन्यांचा डबा तिच्या हाती लावला, आणि नलूताईंनी ते खाली ऐकलं. मी हात झटकून उठलो.

"बस खाली," काकू म्हणाल्या. "झालेलं नाही. नलूला यात काही ठेवता येत नाहीये. मशीन 'परवानगी नाही' म्हणतं."

"पण त्यांना ऐकू येतंय ना? मग झालं की."

"झालं कसं? ही कसली वाटी रे? नुसती खाली जाते, वर येतच नाही! ऐकणाऱ्याने नुसतं ऐकायचं, तर तो रेडिओ झाला. मी रेडिओ नाही, ऑपरेटर आहे." मग आवाज उतरला. "अरे, तिला नुसतं ऐकवायला मी एवढं केलेलं नाही. तिने बोलायला हवं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग रोज चारला कारवाई सुरू झाली. काकू वर काहीतरी बदलायच्या, खाली नलूताई करून बघायच्या आणि फोनवर सांगायच्या, "नाही म्हणतोय." मी काकूंची वाटी घेऊन जिन्यात वरखाली. अखेर परदेशातल्या कुणा भल्या माणसाने इंटरनेटवर लिहिलेलं सापडलं, की मशीनमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा आणि फोल्डर वाटायचा पासवर्ड वेगळा. तो दुसरा आम्ही ठेवलाच नव्हता.

"घराची किल्ली वेगळी आणि कपाटाची वेगळी. मग आधी बोला ना तसं!" काकूंनी त्या परदेशातल्या माणसाला सुनावलं.

तो पासवर्ड एका काळ्या चौकटीत टाइप करायचा होता. काकू टाइप करत होत्या आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. अक्षर नाही की ठिपका नाही. त्यांना वाटलं, कीबोर्ड गेला. मला वाटलं, सगळंच गेलं. काकूंनी कपाळाला हात लावला आणि नलूताईंना फोनवर सांगितलं, "संपलं गो नलू. मी टाइप करते, पण काही दिसतच नाही."

पलीकडून आधी खुसखुस ऐकू आली. मग चक्क हसू.

"अगं बये, मला कुठे कधी दिसलंय? मी नाही का टाइप करत? बोटांवर भरवसा ठेव आणि एन्टर मार."

काकूंनी डोळे मिटले. कानामागे बोट नेलं. टाइप केलं आणि एन्टर मारलं. मशीनने निमूट मान्य केलं.

नंतर आम्ही दोघं त्या फोल्डरकडे बघत बसलो. आपल्या पोराच्या निकालाकडेही मी असा बघत बसलो नव्हतो. आणि एकाएकी तिथे एक नवीन फाईल आली. आम्ही हात न लावता, आपली आपण.

"इली!" काकू ओरडल्या. आनंद फार झाला की त्या थेट मालवणला पोचायच्या. "इली गो इली! नलू, इली!" दुखऱ्या गुडघ्यांवर त्या ताडकन उभ्या राहिल्या. परांचीवरचा गडी घाबरून आत डोकावला.

फाईल उघडली. नलूताईंचा आवाज भरून राहिला. घसा बसलेला, पण काय आवाज! साहेबलोक फोन ठेवायचे का विसरत, ते मला त्या क्षणी कळलं.

"तिसरा मजला? पहिल्या मजल्यावरून बोलतेय. वाचन बरं झालं. पण त्या सासूचा आवाज फार गोड काढलास. ती खाष्ट आहे, तिला खाष्टच काढ. आणि कालच्या अळूवडीत चिंच कमी होती."

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्या दिवशी सगळ्या इमारतीला शिरा मिळाला. कशाचा, हे निम्म्या लोकांना कळलं नाही, तरी त्यांनी तो आवडीने खाल्ला.

पुढे परांची निघाली, पिशवीचा रस्ता मोकळा झाला. वाटी पूर्वीसारखी दोरीने जायला लागली, पण आवाज वायरीनेच जात राहिला. रोज काकूंचं एक प्रकरण खाली, रोज नलूताईंचं काहीतरी वर. कधी टीका, कधी बोर्डावरच्या साहेबांच्या नकला, एकदा तर चक्क गाणं. मधल्या मजल्यावर आमचा राउटर लुकलुकत असायचा. त्या दोघी त्याच्यातून बोलत होत्या, याचा मला उगाचच अभिमान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. फार दिवस झोपून नव्हत्या. नव्या कादंबरीचं वाचन अर्ध्यावर होतं. भाच्याने घर आवरलं आणि लॅपटॉप नि ती कादंबरी माझ्याकडे दिली. मी दोन्ही कपाटात ठेवली. चालू करायचा धीर होईना.

एका दुपारी नलूताईंचा फोन आला. "अविनाश, तिचं मशीन चालू कर. मला वाटी पाठवायचीय."

मी वायर जोडली. फोल्डर उघडलं. थोड्या वेळाने फाईल आली. ऐकायला लागलो, तर सुरुवातच अशी, "लाईनवर राहा हं." आणि मग नलूताई ती नवी कादंबरी सांगू लागल्या. पहिल्या पानापासून, तोंडपाठ. बापाचा आवाज काकू काढायच्या तसा, मुलीचा तसाच, मध्ये काकू खोकल्या होत्या तिथे जरा थांबून. तू वाचलेलं माझ्या डोक्यात आहे, असं त्या म्हणाल्या होत्या, ते मी तेव्हा नुसतं बोलणं समजलो होतो. मी खुर्चीतून उठलो नाही. अखेरीस त्या त्यांच्या साध्या आवाजात म्हणाल्या, "इथवर ती आली होती. पुढे?"

वाटी रिकामी कशी परत करणार? मी कपाटातून कादंबरी काढली, खुणेची दोरी होती ते पान उघडलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.