सकाळचा उतारा

आई गेल्यावर बाबांनी अमरावती सोडायला साफ नकार दिला. मी अकोल्याला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवते, घरात त्यांच्यासाठी खोली आहे, पण त्यांना राजापेठेतलं घर सुटेना. त्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी उभा जन्म टायपिंग शिकवलं होतं. शेवटी आमचा करार झाला. रोज सकाळी त्यांनी पेपरातला एक उतारा लॅपटॉपवर टाइप करून मला ईमेल करायचा. उतारा आला म्हणजे बाबा ठीक. उतारे थांबले, की काही न बोलता अकोल्याला यायचं. अटी सगळ्या माझ्याच होत्या आणि तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

दोन वर्षं उतारे बिनचूक आले. अग्रलेख, कापसाचे भाव, कुठल्याशा तलावातल्या गाळाची बातमी. बाबा विषय बघत नसत. मग गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी उतारा आलाच नाही, फोन आला.

"लॅपटॉप चालूच नाई होऊन राहिला."

"चार्जरचा लाइट लागला का जी?"

"लागला."

"मंग बटन दाबा."

"दाबलं ना. दहा खेप दाबलं."

"दहा खेप कावून दाबता, बाबा? एकदाच दाबा. नीट पाहून दाबा!"

नीट पाहून दाबा. हे वाक्य मी त्या महिनाभरात त्यांना इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात ऐकवलं, की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी उतारा आला. तिसऱ्या दिवशी नाही. मग दोन दिवस आला आणि पुढे चार दिवस पुन्हा नाही. पार मेलेलं यंत्र एक वेळ परवडतं, पण मनात आलं तर चालणारं यंत्र माणसाला वेड लावतं. लॅबमध्ये मी मुलांना सांगते, बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच करायचं ठरवून रविवारी एसटी धरली.

आधी संशय कूलरवर गेला. मे महिन्यात आमच्याकडे कूलर दिवसभर घरघरतो आणि बाबांचा लॅपटॉप त्याच बोर्डावर होता. मी तो दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर लावून दिला. आठवडाभरात फोन आला, फरक नाही. पुढच्या रविवारी चार्जर बदलला. त्यानंतर बॅटरी. वहीत एकेक ओळ लिहीत होते आणि खोडत होते.

पासवर्डचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. तो मीच ठेवला होता, ए एस डी एफ जी एफ. टायपिंगचा पहिला धडा, डाव्या हाताचा. बाबांनी किती पिढ्यांकडून तो घोटून घेतला असेल. हे काही ते विसरायचे नाहीत, म्हणून तर ठेवला होता.

मग लॅपटॉप घेऊन चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार बाबांचाच जुना विद्यार्थी, आता त्याचेही केस पिकले आहेत. त्याने सगळं उघडलं, साफ केलं, परत बसवलं आणि माझ्यासमोर कितीतरी वेळा चालू-बंद करून दाखवलं.

"मॅडम, याले काहीच झालं नाई," तो म्हणाला. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "सर या महिन्यात तीनदा येऊन गेले माह्याकडे. लॅपटॉप न आणताच. बसले, चहा घेतला अन् गेले. मले वाटलं, काही विचाराचं होतं त्यायले."

"एकटे असतात, गप्पा माराले आले असतील," मी म्हणाले, आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

तो मी अकोल्याला नेला. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सुरू केला, बंद केला. एकदाही अडला नाही. वहीतल्या सगळ्या ओळी खोडून झाल्या होत्या. एकच गोष्ट लिहायची उरली होती. ती मी लिहिली नाही. रजा टाकली आणि बसमध्ये बसले. बडनेरा येईपर्यंत मनात एकच धोशा होता, बिघाड यंत्रातच असू दे.

पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाले, "बाबा, करा चालू. मले पाहू द्या."

त्यांनी बटण दाबलं. लॅपटॉप लगेच सुरू झाला. पासवर्डची चौकट आली. बाबा कीबोर्डकडे बघत बसले. एक बोट उचललं, ते अक्षरांवरून फिरत राहिलं, शोधत राहिलं. काहीतरी दाबलं, चुकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा चुकलं. मग त्यांनी बटण पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं.

"पाह्यलं? झाला बंद."

मला आधी रागच आला. हा माणूस वर्गात म्हणायचा, मशीनले दोष नाई द्यायचा. कुणी टाइपरायटरची एखादी की अडकते म्हणून तक्रार केली, तर त्याला उठवून स्वतः त्याच मशीनवर अख्खं पान टाइप करून दाखवायचा. मी काहीतरी बोलणार होते, पण त्यांचे कान लाल झालेले दिसले. महिनाभर हे झाकून ठेवलं होतं त्यांनी. माझ्या करारामुळे.

दोरीवरचा टॉवेल काढला आणि त्यांच्या दोन्ही हातांवर पांघरला. वर्गात पोरं खाली बघायला लागली, की ते असंच करायचे.

"पाहू नका, बाबा," मी म्हणाले. "तुमीच सांगत होते ना, बोटायले माहीत असते."

त्यांनी खिडकीबाहेर नजर लावली. टॉवेलखाली सहा ठोके पडले, एका लयीत. मग एंटर. लॅपटॉप उघडला. महिनाभर मी त्यांना नीट बघायला सांगत होते.

मला इतका आनंद झाला की वाटलं, संपलं, एका टॉवेलचं तर काम होतं. मग पडद्यावरचं उताऱ्यांचं फोल्डर उघडलं. आठवडाभर मी यंत्र नुसतं चालू-बंद केलं होतं, आत पाहिलंच नव्हतं. तलावातल्या गाळाची ती जुनी बातमी तिथे अकरा वेळा टाइप केलेली होती, एकाच तारखेला; मला त्यातली एकच आली होती. अकराही प्रतींत एक चूक नव्हती. मला रडू फुटलं आणि ते दिसू नये म्हणून मी टॉवेलची घडी घालत बसले.

"आता अकोल्याले या लागते का?" बाबांनी खिडकीकडेच बघत विचारलं.

"मशीनच खराब हाय, बाबा," मी म्हणाले. "अकोल्याले दुरुस्तीले न्या लागते. होईपर्यंत तुमी बी चला."

त्यांनी टेबलावरच्या चालू लॅपटॉपकडे एकदा पाहिलं. मग उठून कपडे भरायला गेले.

आता बाबा माझ्याकडे असतात. लॅपटॉप माझ्या कपाटात साड्यांखाली आहे, ठणठणीत. रोज सकाळी पेपर घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात येतात. "झाला का दुरुस्त?" विचारतात. मी सांगते, "नाई जी, पार्ट यायचा हाय." मग ते खुर्चीत जाऊन बसतात. पेपरावर डाव्या हाताची बोटं हलत असतात. पूर्वी सहा ठोके पडायचे, आता तिसऱ्या-चौथ्यालाच हात थांबतो.

परवा कॉलेजची घाई होती. त्यांनी एका सकाळीत चौथ्यांदा विचारलं आणि मी वैतागून म्हणाले, "तो लॅपटॉपच बेकार हाय, बाबा. काही होत नाई त्याचं."

त्यांनी पेपराची नीट घडी केली. वर्गातला तो जुना आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

"मशीनले दोष नाई द्यायचा, बाई."

मी भाजी चिरत होते. खाली मान घालून चिरतच राहिले.