सुरयांची वेगळी चूल

आज अंगणातल्या भिंतीला रंग दिला आणि त्या वासाने धाकट्या जावेने तलावासाठी रंगवलेला पक्ष्यांचा बोर्ड आठवला. पाण्यावर झेपावणारे पांढरे सुरय तिने सगळे एकाच नावाखाली बसवले होते. उद्घाटन दुसऱ्या सकाळी, आणि मी तपासलं तर नव्या वर्गीकरणात छोट्या सुरयांचा गट निराळा, नावही निराळं. “दीदी, आता काहून सांगून राहिल्या तुम्ही? पुसलं तर सारा बोर्ड बिघडन,” ती रडकुंडीला आली. मग एकदम हसली. “वेगळी चूल मांडली ना त्यायनं? मंग मधात भिंत टाकून देते.” तिने मध्ये लाल रेघ ओढली, छोट्यांवर नवं नाव लिहिलं आणि बोर्ड वेळेवर लागला. पुढे आमच्याही चुली वेगळ्या झाल्या, अंगणात मध्ये ही भिंत आली. आत्ताच तिची भाजीची वाटी आली, ओल्या भिंतीवरूनच.