रॉकेलला विटाळ नसतो

रॉकेलला विटाळ नसतो, हे साताऱ्यात येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं विहिरीचे, देवळाचे, हॉटेलातल्या कपाचे नियम मला चालायला लागल्यापासून पाठ होते. आमच्या आईवडलांनी धर्म बदलला तरी गावानं नियम बदलले नव्हते. पण रॉकेलचं कुणी काही सांगितलं नव्हतं. ते सांगितलं माझ्या घरमालकिणीनं.

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिला. साताऱ्यात खोली शोधताना आडनाव सांगितलं की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. या बाईंनी मात्र आडनाव ऐकून जरा थांबून परसाकडे बोट दाखवलं. तिथं पूर्वी जळण ठेवायची एक खोली होती. तिला मागच्या बोळातून वेगळं दार होतं.

"नळाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी मी वरून पाणी घालीन, तू कळशी खाली धरायची. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही."

मी मान हलवली. त्यांना मी काकू म्हणत असे. दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलं नव्हतं.

काकू एकट्याच राहत. नवरा वारलेला, मुलगा सांगलीला नोकरीत. त्यानं सांगलीहून आणून दिलेला पितळी पंपाचा स्टोव्ह हा त्यांचा जीव की प्राण. एकदा त्या म्हणाल्या, "रॉकेलच्या डेपोच्या रांगेत उभा राहशील का? माझे गुडघे दुखतात."

"काकू, पण डब्याला माझा हात लागंल... लागेल."

"रॉकेलला विटाळ नसतो रे. तेल आहे ते."

त्या दिवसापासून काकूंचं रॉकेल मी आणू लागलो. डेपोतलं रॉकेल पिंपाच्या तळाशी गेलं की गंज आणि गाळ घेऊन यायचं. तो स्टोव्हच्या निपलात अडकला की ज्योत पिवळी पडायची, भांडी काळी व्हायची, आणि काकू पिन मारता मारता डेपोवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. मी घरून आणलेलं आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं काढलं. पुस्तकं बांधायला आईनं दिलं होतं ते. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण वीण घट्ट. डबा आधी न हलवता ठेवायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा, मग नरसाळ्यात फडक्याची चौपदरी घडी घालून वरवरचं रॉकेल बारीक धारेनं गाळायचं. तळाचं राहिलेलं टाकून द्यायचं. मी हे परसात बसून करायचो. काकू येऊन डबा उचलून आत न्यायच्या.

मग आतून निळ्या ज्योतीचा एकसारखा फुर्र आवाज यायचा. माझ्या हातून गाळलेल्या रॉकेलवर त्यांचा चहा व्हायचा, दूध तापायचं, देवाचा नैवेद्य व्हायचा. मी उंबऱ्याबाहेर कळशी धरून उभा असायचो आणि त्या वरून, शिंतोडा उडू नये म्हणून पदर आवरून, पाणी ओतायच्या. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. कसा, ते आज नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. पण त्या वाकल्या की त्यांच्या अंबाड्याकडे बघत मी मनात नको नको ते बोलायचो, आणि तोंडानं म्हणायचो, "बास, काकू."

वार्षिक परीक्षा तोंडावर आली. गावाहून ये-जा करून पेपर देणं शक्य नव्हतं. एस.टी.चा भरवसा नसे. ही खोली परीक्षेपर्यंत टिकली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

अशात एक दिवस मी रॉकेल घेऊन आलो तर काकूंकडे पाहुण्या बायका बसलेल्या. स्टोव्ह रिकामा.

"लगेच गाळून दे."

"काकू, जरा बसू द्या की तळाला. आज पिंप उघड्यावर होतं, वळवाच्या पावसात भिजलेलं."

"पाहुण्यांना काय गाळ बसेपर्यंत बसवून ठेवू? दे म्हटलं ना!"

मी दिलं. थोड्याच वेळात स्टोव्ह तडतडला, ज्योत विझली, आणि पुन्हा काकडा लावताना असा भडका झाला की बायका ओरडत परसात आल्या. कुणाला काही लागलं नाही. डब्यात उरलेलं रॉकेल मी घाईघाईनं काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. थोड्या वेळानं तळाशी पाण्याचा थर वेगळा दिसू लागला.

"बघा काकू, डेपोतूनच पाणी आलंय."

काकूंनी बाटलीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पार बदलला. पाणी म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात भडक्याचं काही राहिलंच नाही.

"म्हणजे तुझ्या फडक्यातनं पाणी माझ्या स्टोव्हमध्ये गेलं?"

"माझं न्हाई ते. डेपोचं—"

"कुणाचं का असेना! तुझ्या हातून आलं ना?"

"अगं बाई, त्याच स्टोव्हवर नैवेद्य!" एक पाहुणी हळूच म्हणाली, आणि दुसरीनं हातातली बशी खाली ठेवली.

रविवारी सांगलीहून मुलगा आला. शर्ट खोचलेला, मला "अहो" म्हणणारा. स्टोव्ह काही केल्या पेटेना म्हणून त्यानं परसात आणून टाकी उलटी केली. रॉकेलबरोबर काहीतरी पिवळसर बाहेर आलं आणि वास सुटला.

"आई, हे काय?"

"गोमूत्र. शुद्ध नको करायला?"

"टाकीत ओतलंस?"

"मग काय बाहेरनं शिंपडून आतलं पाणी शुद्ध होतं?"

मुलानं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. वाटलं, हा शिकलेला माणूस, ह्याला कळलं. मी बाटली आणून दाखवली. तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. चूक डेपोची आहे. मी हे काही मानत नाही." टाकी पुसत पुसत तो पुढं म्हणाला, "पण आईला आता झोप लागत नाही हो. बायका बोलतात. तुम्ही दुसरीकडे बघा. समजूतदार आहात तुम्ही."

"परीक्षा झाल्यावर गेलो तर?"

"आजच बघितलंत तर बरं."

काकूंचं मी समजू शकतो, असं अजूनही म्हणवत नाही. पण त्या निदान तोंडावर बोलल्या. त्या माणसाचं हसणं मला अजून जास्त टोचतं.

मी पुस्तकं बांधली. फडकं परसातल्या तारेवर वाळत होतं, ते काढायला गेलो तर काकू दारात आल्या.

"ते फडकं राहू दे. चांगलं गाळतं."

वर्षभर त्यांच्याशी बोलताना मी जपून शब्द वापरले होते. कळशी धरताना, उंबऱ्यापाशी, कुठं चुकून 'हाय' निघू नये म्हणून.

"न्हाई," मी म्हणालो. "माझ्या आईचं हाय त्ये."

"जुनं फडकं ते! नवं घेऊन देईन तुला."

"नगं. स्टोव्हला काय व्हतंय ते बघा आता तुमीच."

मुलगा आतून म्हणाला, "जाऊ दे गं." मी फडकं तारेवरून ओढलं. पुरतं वाळलं नव्हतं. पुस्तकांवर तेच बांधलं, आईनं दिलं होतं तसं. एका वर्गमित्राच्या भावाच्या सायकल दुकानात, पोटमाळ्यावर मी परीक्षेचा अभ्यास केला. पुस्तकांना रॉकेलचा वास इतका भरला होता की पेपरच्या दिवशी शेजारच्या बाकावरचा नाक धरून म्हणाला, "काय रं गड्या, घासलेटात बुचकळून आणलीस का काय?"

मी पुस्तकं खिडकीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसलो.