चांदीचा पाय

कोट्टयममध्ये जिस्मोलला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. सहा फूट एक इंच! सातवीतच ती दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागली, तेव्हा तिच्या अम्मच्चीनं, म्हणजे आई त्रेस्याम्मानं, चर्चमधल्या घोड्यावरच्या संत गीवर्गीसला साकडं घातलं होतं, "पोरीची वाढ थांबव रे बाबा, एवढा उंच नवरा आणू कुठून?" संतानं साफ कानाडोळा केला.

मग काय, वीज मंडळानं पोरीला बास्केटबॉलसाठी नोकरीवरच घेतलं. सकाळी सराव, दुपारी कचेरीतली खिडकी, संध्याकाळी पुन्हा सराव, अशी चौदा वर्षं. लुधियानापासून ताश्कंदपर्यंत खेळून आली. पण राष्ट्रीय करंडक काही हाती लागेना. तीनदा अंतिम सामना, तीनदा हार! यंदा चौथा, घरच्या मैदानात, आणि शेवटचाच. डावा गुडघा पार कामातून गेला होता.

सामन्याच्या सकाळी अम्मच्ची ऐटीत म्हणाली, "काळजी सोड, पोरी. तुझ्यासाठी चर्चमध्ये चांदीचा पाय वाहून आलेय."

"कुठला पाय?"

"कुठला म्हणजे? उजवा!"

"अम्मच्ची! दुखतोय डावा!"

"अगं बाई! तू समोर बसून शेकत होतीस ना, मला तो उजवीकडे दिसला!"

जिस्मोल हसून हसून पलंगावर लोळली.

संध्याकाळी शेवटचे सहा सेकंद उरले. चेन्नईच्या पोरी एका गुणानं पुढे, चेंडू जिस्मोलकडे. जन्मभर ती डाव्या पायावर उडून उजव्या हातानं चेंडू टाकत आलेली. समोरच्या पोरीला ते तोंडपाठ. ती उजवी बाजू अडवून उभी. त्यात डाव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे! तेवढ्यात वर प्रेक्षकांतून अम्मच्चीचा खणखणीत आवाज आला,

"अगं, उजवा वापर! फुकट जाईल नाहीतर!"

जिस्मोलला हसूच फुटलं. हसत हसतच ती डावीकडे वळली, उजव्या पायावर उडाली आणि डाव्या हातानं चेंडू टाकला. असलं धाडस तिनं सामन्यात कधीच केलं नव्हतं. चेंडू कडीवर फिरला, घुटमळला, मेला पडेचना... आणि पडला जाळीत! एका गुणानं जिंकल्या!

अख्खं कोट्टयम मैदानात घुसलं. अम्मच्चीनं करंडकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीचा उजवा पाय मांडीवर घेऊन ती पटापटा मुके घेत होती, रडत होती आणि ओरडत होती, "वाढव रे गीवर्गीस, हिला अजून वाढव!"