मानपत्रातलं एक वाक्य

आर्वीच्या एसटी डेपोसमोर एका फ्रेमवाल्याचं फोटो मढवायचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात गावात सत्कार कोणाचाही असो, मानपत्र मी लिहायचो आणि फ्रेम तो करायचा. काच बसवण्याआधी तो प्रत्येक मानपत्र ओळीवर बोट फिरवत पुटपुटत वाचायचा. माझ्या भाषेनं तो भारावतो, असं मी समजायचो.

एकदा, दलितांना विहिरी आणि देवळं खुली व्हावीत म्हणून जन्मभर लढलेल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याचं मानपत्र घेऊन गेलो. त्यानं वाचलं आणि मान वर केली.

"सर, दीनदुबळ्यांचे कैवारी, त्यागाची मूर्ती... हे तर तुमी त्या कापसाच्या व्यापाऱ्यालेही लिवलं होतं. नाव तेवढं बदललं."

मी हसलो. तो हसला नाही. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "यायच्यासाठी नवीन लिवा. मी थांबतो."

अर्धा तास पेनाचं टोपण चावत बसलो. ज्याला मी त्यागमूर्ती म्हटलं, त्याच्याबद्दल मला धड एक गोष्ट ठाऊक नव्हती. शेवटी काच कापता कापता तोच म्हणाला, "लिवा, यायच्यामुळं माह्या मायनं इहिरीत सोताच्या हातानं बादली सोडली."

मी ते शुद्ध करून घेतलं. 'माह्या माय'च्या जागी 'अनेक माता' घातल्या. सभेत त्या वाक्याला म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या वाजवणाऱ्यांत, शेवटच्या रांगेत, फ्रेमवालाही होता.

अजूनही कोणी भेटलं की म्हणतं, "काय वाक्य लिहिलं होतं सर तुम्ही!"

मी नम्रपणे मान खाली घालतो. "सुचलं," म्हणतो.